शोधप्रकाशनात सगळ्यांना जागा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न शोधनिबंध लिहिणाऱ्यांनी, ते छापण्याआधी तपासणाऱ्या समीक्षकांनी आणि लहानमोठी जर्नल्स चालवणाऱ्या संपादकांनी वेळोवेळी विचारलेले आहेत. ज्या शब्दांत आले, जवळपास त्याच शब्दांत ठेवले आहेत. सुरुवातीचे मूलभूत आहेत, पुढे पुढे अवघड होत जातात. कुठलंही उत्तर सुटं वाचता येईल. एखाद्या गोष्टीचा धागा दुसरीकडे असेल, तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. वैविध्य, समन्याय, समावेशन हे तीन शब्द कायम एकत्र येतात. शोधप्रकाशनात त्यांचा अर्थ काय घ्यायचा?

लेखक, समीक्षक आणि संपादक म्हणून कोण कोण दिसतं, हा वैविध्याचा प्रश्न. कोणत्या देशांतले, कोणत्या भाषांचे, कोणत्या लिंगांचे, मोठ्या संस्थांतले की छोट्या. ज्याला सुरुवातच मागून करावी लागते, त्याची अडचण ओळखून ती दूर करणं म्हणजे समन्याय. आणि आत आलेल्या माणसाच्या शब्दाला वजन आहे की नाही, हे समावेशन.

तिन्ही गोष्टी एकमेकींशिवाय घडू शकतात, म्हणून त्या वेगळ्या तपासाव्या लागतात. संपादक मंडळाच्या पानावर दहा देशांची नावं असतात आणि निर्णय तिघेच घेतात, तेव्हा वैविध्य आहे पण समावेशन नाही. सगळ्या लेखकांना सारखंच शुल्क लावलं, तर वागणूक समान झाली. पण ज्याच्याकडे संशोधनाचा निधीच नाही, तो दाराबाहेर राहिला.

पुढच्या बहुतेक उत्तरांत माझा भर एकाच गोष्टीवर दिसेल: माणसांचे हेतू तपासण्यात वेळ घालवू नका, कामाची पद्धत तपासा. फॉर्ममधले रकाने, मुदती, शुल्क, समीक्षकांच्या याद्या, नकाराच्या पत्रातली भाषा. अन्याय बहुतेक वेळा तिथे बसलेला असतो आणि तिथून तो हलवताही येतो.

२. निबंध गुणवत्तेवरच निवडले जातात ना? मग लेखक कोण आहे, याने काय फरक पडतो?

पडतो, आणि तो मोजून दाखवलेला आहे.

१९८२ मध्ये डग्लस पीटर्स आणि स्टीफन सेसी या मानसशास्त्रज्ञांनी नामांकित विभागांतल्या लेखकांचे आधीच छापून आलेले १२ निबंध घेतले, त्यांवर काल्पनिक नावं आणि अनोळखी संस्था घातल्या, आणि ज्या जर्नल्सनी ते छापले होते त्यांनाच परत पाठवले. तीन पकडले गेले. उरलेल्या नऊपैकी आठ नाकारले गेले. हे आधी छापलं गेलंय, असं कोणी म्हटलं नाही. संशोधनाच्या पद्धतीत गंभीर दोष आहेत, असं समीक्षकांनी लिहिलं.

२०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग आणखी थेट आहे. अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले व्हर्नन स्मिथ आणि तेव्हा फारसे कोणाला माहीत नसलेले संशोधक साबियू इनोआ यांचा एकच निबंध वेगवेगळ्या समीक्षकांकडे गेला. फक्त स्मिथ यांचं नाव दिसलेल्यांपैकी २३ टक्क्यांनी तो नाकारावा असं सुचवलं. नाव झाकलेलं होतं तिथे हे प्रमाण ४८ टक्के झालं. फक्त इनोआ यांचं नाव दिसलं तिथे ६५ टक्के. निबंधातला एक शब्दही बदललेला नव्हता.

गुणवत्तेचा आग्रह धरणाऱ्यांशी माझा वाद नाही. उलट, हे काम त्यांनीच सगळ्यात आधी हाती घ्यायला हवं, कारण आजची पद्धत गुणवत्तेसोबत नावाचं वजनही मोजते आहे.

३. स्त्रियांचे निबंध जास्त नाकारले जातात, हे खरं आहे का?

सरसकट तसं म्हणता येत नाही. २०२१ मध्ये १४५ जर्नल्समधल्या सुमारे साडेतीन लाख निबंधांचा अभ्यास झाला. समीक्षेच्या टप्प्यावर स्त्रियांच्या निबंधांना पद्धतशीरपणे वाईट वागणूक मिळते, असं त्यात आढळलं नाही. काही शाखांत त्यांना किंचित बरा निकाल मिळालेला दिसला.

पण इथेच थांबून ‘म्हणजे सगळं ठीक आहे’ म्हणणं ही मोठी चूक ठरेल. गळती त्याआधी आणि त्यानंतर होते. मुळात स्त्रियांकडून निबंध कमी येतात. २०२०च्या टाळेबंदीत जर्नल्सकडे निबंधांचा पूर आला, तेव्हा त्यात स्त्रियांचा वाटा घटला, कारण घरची जबाबदारी कोणावर पडली हे उघड आहे. आणि निर्णयाच्या खुर्च्यांकडे पाहिलं तर १९७० ते २०१७ या काळातल्या, १५ शाखांमधल्या हजाराहून अधिक जर्नल्सच्या अभ्यासात संपादकांमध्ये स्त्रिया १४ टक्के आणि मुख्य संपादकांमध्ये ८ टक्के निघाल्या.

तेव्हा जर्नलने फक्त स्वीकृतीचं प्रमाण पाहू नये. निबंध कोणाकडून येतात, समीक्षेची विनंती कोणाला जाते, मुदतवाढ मागायला कोण कचरतं, हे पाहावं.

४. लेखकाचं नाव झाकून समीक्षा केली की प्रश्न सुटेल का?

बराच सुटतो, पूर्ण नाही. प्रश्न २ मधले प्रसिद्धीचे परिणाम नाव झाकल्याने कमी होतात, यात शंका नाही. लिंगाच्या बाबतीत मात्र वेगवेगळ्या अभ्यासांचे निष्कर्ष जुळत नाहीत.

नाव झाकणं लेखकाच्या मर्जीवर सोडणं मला सर्वांत घातक वाटतं. नेचर समूहाच्या जर्नल्सनी २०१५ पासून तसा पर्याय दिला. पुढे सव्वा लाखाहून अधिक निबंध तपासले, तेव्हा जेमतेम १२ टक्के लेखकांनी तो निवडलेला दिसला, आणि त्यांत कमी नामांकित संस्थांतल्या लेखकांचं प्रमाण जास्त होतं. असं झालं की नाव झाकणं हीच एक खूण बनते. ‘याला काहीतरी लपवायचंय’ असा समज होतो. करायचं तर सगळ्यांसाठी करा. आयओपी पब्लिशिंगने आपल्या मालकीच्या जर्नल्सना हाच नियम लावला.

लहान शाखांत संदर्भांवरून, उपकरणांवरून, प्रीप्रिंटवरून (समीक्षेआधीच इंटरनेटवर ठेवलेल्या मसुद्यावरून) लेखक ओळखू येतोच. आणि संपादकाला नाव दिसतंच. समीक्षकाकडे जाण्याआधीच निबंध परत पाठवण्याचा निर्णय संपादक एकट्याने घेतो. अनेक जर्नल्समध्ये सर्वांत जास्त निबंध तिथेच गळतात. संपादकाने पहिलं वाचन तरी नाव न पाहता केलं, तर त्याला एक पैसाही लागत नाही.

५. ‘इंग्रजी सुधारा’ एवढंच लिहून माझा निबंध परत आला. याला भेदभाव म्हणायचं का?

समीक्षकाच्या मनात काय होतं, ते आपल्याला ठाऊक नाही. पण हे ओझं कोणावर पडतं, ते ठाऊक आहे. २०२३ मध्ये आठ देशांतल्या ९०८ पर्यावरण संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे निबंध भाषेमुळे नाकारले जाण्याचं प्रमाण सुमारे अडीच पट होतं, आणि भाषा सुधारण्याची सूचना मिळण्याचं प्रमाण साडेबारा पट. शिवाय वाचायला, लिहायला, परिषदेत बोलायची तयारी करायला लागणारा जास्तीचा वेळ वेगळाच. तो वेळ कुठल्याही बायोडेटात दिसत नाही.

लेखक म्हणून तुम्ही काय करू शकता? संपादकाला शांतपणे लिहा: कोणत्या वाक्यांचा अर्थ लागत नाही ते दाखवावं, त्या ठिकाणी दुरुस्ती करून देतो. ही मागणी रास्त आहे. अर्थ लागत नसेल तर तो शास्त्रीय आक्षेप झाला आणि त्याला उत्तर द्यायलाच हवं. अर्थ लागतोय पण घडण खटकतेय, तर ते कॉपी एडिटिंगचं काम आहे आणि ते स्वीकृतीनंतर होऊ शकतं.

संपादकांनी समीक्षेच्या फॉर्ममध्ये भाषेचा रकाना वेगळा ठेवावा आणि स्पष्ट लिहावं की संशोधनाचा दर्जा ठरवताना हा रकाना धरला जाणार नाही. ‘नेटिव्ह स्पीकरकडून तपासून घ्या’ हे वाक्य तर समीक्षेतून हद्दपारच करायला हवं. जन्मापासून इंग्रजीत वाढलेल्या पण परकं वाटणारं नाव असलेल्या लेखकांनाही ते ऐकावं लागतं, यातच त्याची किंमत कळते.

६. भाषा सुधारायला एआय वापरलं तर चालतं का?

बहुतेक ठिकाणी चालतं. मात्र त्या जर्नलचा नियम आधी वाचा आणि वापर नोंदवायला सांगितला असेल तर नोंदवा. एआयचं नाव लेखक म्हणून घालता येत नाही, कारण लिहिलेल्याची जबाबदारी त्याला घेता येत नाही. अर्थ सरकला तर दोष तुमच्याकडे येतो. म्हणून आकडे, नकारार्थी वाक्यं आणि संज्ञा स्वतः तपासा.

संपादकांना एक विनंती. एआय ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आकड्यावरून निबंध परत पाठवू नका. साधी, ठरावीक वळणाची वाक्यं लिहिणाऱ्या परभाषिक लेखकांवर ही साधनं नाहक ठपका ठेवतात.

७. सगळं इंग्रजीतच का लिहायचं? आपल्या भाषेत छापलेलं संशोधन कमी दर्जाचं का मानलं जातं?

दर्जाचा संबंध नाही, मोजणीचा आहे. नोकरी, बढती आणि निधी ज्या निर्देशांकांवर ठरतात, ते इंग्रजी जर्नल्सना झुकतं माप देतात. स्थानिक आरोग्य, शेती, कायदा, शिक्षण यांतलं संशोधन ज्यांच्यासाठी असतं, ते लोक वेगळी भाषा वाचतात. २०१९ च्या हेलसिंकी आवाहनाने शोधप्रकाशनातल्या बहुभाषिकतेची मागणी लावून धरली ती याच कारणाने. संशोधकांच्या मूल्यमापनात भाषेवरून उजवंडावं करू नये, हा त्यातला एक मुद्दा आहे.

जर्नलला सगळं द्विभाषिक करणं परवडत नसेल, तर निबंधाचा सारांश दुसऱ्या भाषेत छापायला सुरुवात करा. लेखकाने स्वतः केलेलं पूर्ण भाषांतर पुरवणी म्हणून जोडायला परवानगी द्या. फक्त ते भाषांतर आहे असं ठळक लिहा आणि मूळ निबंधाशी जोडा, म्हणजे दुबार प्रकाशनाचा आरोप येणार नाही.

८. ओपन ॲक्सेस म्हणजेच समन्याय, असं समजायचं ना?

वाचकाच्या बाजूने हो: निबंध कोणालाही पैसे न देता वाचता येतो. लेखकाच्या बाजूने ते खर्च कोण उचलतं यावर आहे. वाचकाकडून पैसे घ्यायचे नाहीत म्हटल्यावर अनेक प्रकाशकांनी ते लेखकाकडून घ्यायला सुरुवात केली. नेचरने २०२० मध्ये एका निबंधासाठी ९,५०० युरो शुल्क जाहीर केलं. इतकी रक्कम सगळीकडे नसते, पण त्यापेक्षा कितीतरी लहान शुल्कही निधी नसलेल्या संशोधकाला झेपत नाही. पूर्वी तो वाचू शकत नव्हता, आता तो छापू शकत नाही.

यावर उपाय म्हणून शुल्कमाफी असते. पुष्कळ प्रकाशक ‘रिसर्चफोरलाइफ’ या उपक्रमाची देशांची यादी वापरतात: पहिल्या गटातल्या देशांना पूर्ण माफी, दुसऱ्या गटाला सवलत. अडचण यादीबाहेर सुरू होते. मध्यम उत्पन्नाच्या देशातला छोट्या कॉलेजातला प्राध्यापक, कुठल्याही संस्थेशी न जोडलेला संशोधक, पीएचडी संपून नोकरी नसलेली व्यक्ती, यांचा देश ‘पुरेसा गरीब’ नसतो आणि खिशात पैसे नसतात.

ज्यात लेखकही पैसे देत नाही आणि वाचकही देत नाही, ते ‘डायमंड’ प्रारूप मला सर्वांत न्याय्य वाटतं. ते स्वप्नरंजन नाही. ब्राझीलमध्ये १९९८ साली सुरू झालेलं सायेलो आणि मेक्सिकोत २००३ साली सुरू झालेलं रेडालिक या मोफत वाचता येणाऱ्या जर्नल्सच्या संग्रहांनी सार्वजनिक पैशावर ते वर्षानुवर्षं चालवून दाखवलं आहे.

९. शुल्कमाफी मागितली तर निबंधाच्या निर्णयावर परिणाम होईल का?

होता कामा नये. ज्या जर्नलमध्ये संपादकाला पैशाची बाजू दिसतच नाही, तिथे होत नाही. निबंध पाठवण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या: माफी आपोआप मिळते की अर्ज करावा लागतो, तो कधी करायचा, आणि निर्णय कोण घेतं. बऱ्याच ठिकाणी स्वीकृतीनंतर केलेला अर्ज घेतला जात नाही. संपादकाला माफी मागणाऱ्यांची नावं दिसत असतील, तर ती रचना जर्नलने बदलायला हवी.

१०. नोंदणीच्या फॉर्ममध्ये लिंग, वंश विचारतात. हे कशाला हवं? आणि नाही सांगितलं तर?

नाही सांगितलं तरी काही बिघडत नाही. ‘सांगायचं नाही’ हा पर्याय असलाच पाहिजे, आणि तो निवडल्याने काहीही अडता कामा नये.

विचारतात ते अशासाठी की मोजलं नाही तर प्रश्न ३ मधली गळती दिसतच नाही. रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीच्या पुढाकाराने २०२० मध्ये प्रकाशकांनी एकत्रित बांधिलकी जाहीर केली. ५० हून अधिक प्रकाशक त्यात आले आणि २०२२ मध्ये सगळ्यांसाठी सारखे प्रश्न तयार झाले, म्हणजे एका जर्नलचे आकडे दुसऱ्याशी ताडून पाहता येतात.

ही माहिती निबंध हाताळणाऱ्या संपादकाला आणि समीक्षकाला दिसता कामा नये, आणि छापायची ती फक्त एकत्रित आकड्यांत. एखाद्या गटात दोनतीनच माणसं असतील, तर आकडाही छापू नये. ती माणसं ओळखू येतात. युरोपच्या डेटा संरक्षण कायद्यात वंश, आरोग्य, लैंगिकता ही माहिती विशेष संरक्षणाची मानली आहे, हे तिथल्या लेखकांशी व्यवहार करताना लक्षात ठेवा.

नावावरून लिंग ओळखणारं सॉफ्टवेअर सोपं वाटतं. पण जगातल्या पुष्कळ नावांवरून लिंग कळत नाही, आणि माणसाला न विचारता त्याची ओळख ठरवणं मुळातच चूक आहे.

११. संपादक मंडळात वैविध्य आणायचं आहे. सुरुवात कुठून करू?

जागा कशा भरल्या जातात तिथून. बहुतेक मंडळांत नवा सभासद जुन्याच्या ओळखीने येतो, म्हणून ओळखीचं वर्तुळ फिरत राहतं. जागा रिकामी आहे हे जाहीर करा, अर्ज मागवा, कामाचं स्वरूप लिहा: महिन्याला साधारण किती निबंध, काही मानधन आहे का. मुदत ठरवा, तीन वर्षं आणि फार तर एकदा वाढ. मुदत नसेल तर जागा रिकामीच होत नाही, आणि कितीही चांगला हेतू असला तरी काही बदलत नाही.

मग समीक्षकांची यादी. ‘त्या देशात समीक्षक मिळत नाहीत’ असं ऐकलं की मी पहिल्यांदा विचारते, गेल्या वर्षी तिथल्या किती जणांना विनंती गेली? उत्तर बहुधा फार लहान असतं. तुमच्याकडे निबंध पाठवणाऱ्या नव्या संशोधकांना यादीत घ्या, पहिल्या समीक्षेत अनुभवी समीक्षकाची जोड द्या, आणि जोडीने केलेल्या समीक्षेचं श्रेय दोघांच्या नावावर नोंदवा.

एका धोक्याकडे मात्र डोळे उघडे ठेवा. मंडळावर एकच स्त्री किंवा एका खंडातला एकच माणूस असेल, तर त्या गटाचं सगळं काम त्यांच्याच गळ्यात पडतं. त्या माणसाला विषयतज्ज्ञ म्हणून बोलावलं आहे, हे विसरू नका.

१२. माझ्या निबंधात सहभागी व्यक्तींचं लिंग आणि वंश कसं नोंदवू?

दोन मार्गदर्शिका हाताशी ठेवा. लिंगासाठी ‘सेजर’ ही २०१६ ची मार्गदर्शिका: जैविक लिंग आणि सामाजिक लिंगभाव वेगळे धरा, निष्कर्ष लिंगानुसार वेगवेगळे मांडा, फक्त एकाच लिंगावर अभ्यास केला असेल तर ते शीर्षकात आणि सारांशात लिहा. हे प्राण्यांवरच्या आणि पेशींवरच्या प्रयोगांनाही लागू आहे, ते बरेच जण विसरतात.

वंशासाठी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या ‘जामा’ जर्नलसमूहाने २०२१ मध्ये सुधारलेलं मार्गदर्शन उपयोगी आहे. वंश कोणी ठरवला (सहभागी व्यक्तीने की संशोधकाने), पर्याय कोणते होते आणि तो मोजायची गरज काय होती, हे लिहायचं. गट अक्षरक्रमाने मांडायचे, बहुसंख्य आधी असं नाही. ‘इतर’ असा गट केला, तर त्यात कोण आहे ते सांगायचं.

१३. परदेशी चमू आला, आम्ही नमुने गोळा केले, स्थानिक परवानग्या मिळवल्या. निबंध छापून आला आणि आमची नावं फक्त आभारात आहेत. काही करता येईल का?

करता येतं. या प्रकाराला ‘हेलिकॉप्टर रिसर्च’ म्हणतात आणि तो आता उघडपणे गैर मानला जातो.

वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे लेखकत्वाचे चार निकष आहेत: संशोधनाच्या आखणीत, माहिती मिळवण्यात किंवा विश्लेषणात भरीव वाटा, लेखनात किंवा चिकित्सक सुधारणेत सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि कामाची जबाबदारी. ‘त्यांनी मसुद्यात भाग घेतला नाही’ असं मुख्य लेखक सांगतात. पण त्याच समितीचं म्हणणं असं की पहिला निकष पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला मसुदा पाहण्याची, सुधारण्याची आणि मान्यता देण्याची संधी द्यायलाच हवी. म्हणजे मसुदा दाखवायचा नाही आणि मग सहभाग नव्हता म्हणून नाव गाळायचं, हे चालत नाही. तुमच्या पत्रात हाच मुद्दा आधी मांडा. सोबत ईमेल, परवानग्यांची कागदपत्रं, नमुन्यांच्या नोंदी जोडा. आधी मुख्य लेखकाला, उत्तर आलं नाही तर संपादकाला लिहा. ‘कोप’ ही प्रकाशननीतीची समिती अशा वादांत संपादकाने कोणत्या पायऱ्यांनी जायचं, ते सांगते. संपादक मात्र लेखकांमधला न्यायनिवाडा स्वतः करत नाही. बहुधा तो संस्थांना चौकशी करायला सांगतो.

पुढच्या वेळी करार आधी करा. नमुने कुठे राहतील, डेटा कोणाच्या ताब्यात, लेखकांचा क्रम कसा ठरेल, हे काम सुरू होण्याआधी कागदावर येऊ द्या. २०२२ च्या जागतिक संशोधन-सचोटी परिषदेतून आलेलं केप टाउन निवेदन दाखवून ही मागणी करता येते. आदिवासी समूहांच्या माहितीबाबत ‘केअर’ तत्त्वं आहेत: त्या माहितीवर त्यांचा अधिकार आणि तिच्यातून त्यांचा लाभ. काही प्रकाशक, उदाहरणार्थ प्लॉस, अशा संशोधनासोबत प्रश्नावली भरून घेतात. तुमचं जर्नल ती घेत नसेल तर सुचवा.

१४. मग नियम पाळायचा म्हणून एखादं स्थानिक नाव यादीत टाकलं तर?

तो दुसऱ्या टोकाचा अन्याय. काम न केलेल्याचं नाव घालणं म्हणजे सौजन्य-लेखकत्व. ते वरच्याच निकषांत बसत नाही आणि त्या माणसाला न केलेल्या कामाची जबाबदारी देतं. स्थानिक संशोधक आखणीपासून सोबत असतील, तर नाव आपोआप न्याय्य ठरतं. कोणी काय केलं हे १४ भूमिकांच्या ‘क्रेडिट’ यादीत लिहा. सगळी स्थानिक नावं फक्त माहिती गोळा करण्याच्या एकाच रकान्यात दिसत असतील, तर भागीदारीत काय कमी आहे ते तिथेच समोर येतं.

१५. दृष्टिबाधित वाचक आमच्याकडे फारसे नाहीत. तरी त्यांना वाचता येईल अशी मांडणी करायची का?

त्यांना तुमचं जर्नल वाचताच येत नसेल, तर ते तुमच्याकडे कुठून असतील? मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला शीर्षकांची पातळी कळायला हवी, तक्ता चित्र म्हणून न टाकता तक्ता म्हणूनच हवा, समीकरणं मॅथएमएलमध्ये (समीकरणं चित्राऐवजी मजकूर म्हणून लिहायच्या पद्धतीत) हवीत, आणि प्रत्येक आकृतीला पर्यायी मजकूर हवा. तो मजकूर आकृतीत काय दिसतं ते सांगणारा असावा. ‘आलेख २’ एवढं लिहून उपयोग नाही. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या रंगात किमान ४.५ : १ इतका भेद ठेवा. लाल-हिरव्या रेषांनी फरक दाखवू नका, तुटक आणि सलग रेषा वापरा.

निबंध पाठवण्याची वेबसाइटही याच कसोटीवर तपासा. वाचायला मिळतं पण पाठवता येत नाही, ही अंध संशोधकांची तक्रार रास्त आहे. युरोपात सुगम्यतेचा कायदा २८ जून २०२५ पासून ई-पुस्तकांना लागू झाला आहे, त्यामुळे हे काम आता निव्वळ इच्छेवर राहिलेलं नाही.

१६. मला एकच नाव आहे, आडनाव नाही. फॉर्म पुढेच जात नाही. काय भरू?

संपादकीय कार्यालयाला लिहा आणि नाव जसं आहे तसंच छापण्याचा आग्रह धरा. टिंब टाकणं, नाव दोनदा लिहिणं या युक्त्यांनी फॉर्म पुढे सरकतो, पण प्रत्येक जर्नलमध्ये तुमचं नाव वेगळं नोंदलं जातं आणि संदर्भगणना विखुरते. ऑर्किड क्रमांक (संशोधकाच्या ओळखीचा कायमचा क्रमांक) काढा आणि प्रत्येक निबंधाला जोडा. माणूस एकच आहे, हे त्याने टिकतं. खरी दुरुस्ती जर्नलने करायची आहे: आडनावाचा रकाना सक्तीचा नको.

१७. नाव बदललं आहे. जुन्या निबंधांवरचं नाव बदलून मिळेल का? सगळ्यांना कळेल का?

२०२० पासून बऱ्याच मोठ्या प्रकाशकांनी याची सोय केली आहे. लिंगबदल, विवाह, घटस्फोट, धर्म, सुरक्षितता, कारण काहीही असो. चांगल्या धोरणात पुरावा मागितला जात नाही, शुद्धिपत्र छापलं जात नाही आणि सहलेखकांची परवानगी लागत नाही. शुद्धिपत्र छापलं तर जे जगाला सांगायचं नव्हतं, तेच जाहीर होतं. इतरांनी तुमच्या निबंधाला दिलेले जुने संदर्भ मात्र तसेच राहतात, आणि छापील अंक बदलत नाही.

१८. समीक्षकाने माझ्या देशाबद्दल अपमानास्पद लिहिलं आहे. तक्रार केली तर निबंध अडकेल का?

तक्रार करा, पण शास्त्रीय आक्षेपांना दिलेल्या उत्तरांपासून ती वेगळ्या पत्रात ठेवा. नेमकं वाक्य उद्धृत करा आणि नवा समीक्षक मागा. खरं तर ते वाक्य तुमच्यापर्यंत पोहोचायलाच नको होतं. असा मजकूर गाळायचा किंवा समीक्षकाला परत लिहायला सांगायचं, हा संपादकाचा अधिकार आहे; तो आहे हे समीक्षकांना दिल्या जाणाऱ्या सूचनांत आधीच लिहिलेलं असावं.

१९. आमच्या देशावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. जर्नल म्हणतं, तुमचा निबंध घेता येत नाही. हे योग्य आहे?

बहुधा जर्नल गरजेपेक्षा जास्त घाबरलेलं असतं. २००३ मध्ये अमेरिकेच्या वित्तखात्याने निर्बंध असलेल्या देशातल्या लेखकाच्या मजकुराचं संपादन ही ‘सेवा’ ठरवली होती, आणि काही प्रकाशकांनी काम थांबवलं. बरीच टीका झाल्यावर २००४ अखेर नेहमीच्या प्रकाशनकामाला सरसकट मुभा मिळाली. सरकारच्या वतीने लिहिणारे लेखक मात्र त्या मुभेबाहेर राहिले. जर्नलला नेमका कोणता नियम आड येतो ते लेखी विचारा. कायदा आड येत नसेल, तर एखाद्या सरकारच्या कृत्यासाठी तिथल्या प्रत्येक संशोधकाला दार बंद करणं मला मान्य नाही. युद्धाच्या काळात ही मागणी पुन्हा होते, तेव्हाही नाही.

२०. सरकारी संस्थेतला सहलेखक म्हणतो, ‘जेंडर’ हा शब्द काढा नाहीतर माझं नाव काढा. संपादक म्हणून मी काय करू?

हा प्रश्न २०२५ च्या फेब्रुवारीपासून येऊ लागला. अमेरिकेतल्या रोगनियंत्रण केंद्रातल्या शास्त्रज्ञांना, छापून न आलेले निबंध मागे घेऊन त्यांतल्या अशा संज्ञा काढायला सांगण्यात आलं होतं.

शब्द शास्त्रीय कारणासाठी वापरला असेल, तर तो राजकीय आदेशावरून बदलू नका. लिंगभाव मोजला आणि छापताना जैविक लिंग लिहिलं, तर निबंध चुकीची माहिती देतो. नाव काढण्याबाबतही हीच कसोटी. प्रश्न १३ मधले निकष पूर्ण करणाऱ्याचं नाव गाळलं, तर ते छुपं लेखकत्व होतं. वाचकाला खरे लेखक कळत नाहीत. त्या माणसाची नोकरी धोक्यात असू शकते, म्हणून त्याच्याशी थेट आणि खासगीत बोला. निबंधातली मतं लेखकांची आहेत, संस्थेची नाहीत, असं निवेदन जोडता येतं. पुष्कळदा त्यावर भागतं. संस्था मान्यताच नाकारत असेल, तर उरलेल्या लेखकांसमोर निबंध मागे घेणं किंवा त्या व्यक्तीचा भाग वगळून काम पुन्हा मांडणं, हेच दोन प्रामाणिक मार्ग राहतात. घाई करू नका. त्यांना ठरवायला पुरेसा वेळ द्या, आणि तोवर निबंध ‘मागे घेतला’ असा शेरा प्रणालीत मारू नका.